माणूस आधी, गाडी उद्या

बर्फात गाडी रुतली की चालवणारा पहिला अर्धा तास एकच चूक पुन्हा पुन्हा करतो : ॲक्सिलरेटर दाबतो. चाक जागच्या जागी गरगरतं, त्याच्या उष्णतेने खालचा बर्फ जरासा वितळतो, लगेच गोठतो आणि चाकाखाली काचेसारखी गुळगुळीत वाटी तयार होते. दर प्रयत्नागणिक गाडी बोटभर खाली जाते. शेवटी तिचं पोट बर्फावर टेकतं. मग चारही चाकांना ताकद मिळून काही उपयोग नसतो, कारण वजन चाकांवर राहिलेलंच नसतं. चारही चाकांना ताकद देणाऱ्या ज्या फोर बाय फोरच्या दांडीच्या भरवशावर आपण इथवर आलो, ती तेव्हा नुसती शोभेची उरते.

हे ऐकीव नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे एका उंच खिंडीच्या वाटेवर असेच अडकलो होतो. सकाळी जाताना रात्रभर गोठलेला कडक थर गाडी पेलत होता. दुपारी परतताना उन्हाने तोच थर भुसभुशीत झाला आणि गाडी दारांच्या खालच्या कडेपर्यंत आत गेली. बरोबर दुसरी गाडी नव्हती. फावडं एकच होतं, तेही तंबूभोवती चर खणायचं, हातभर लांबीचं. दुसरा गडी डब्याच्या झाकणाने बर्फ उपसत होता. आणि आता लपवण्यात अर्थ नाही : वाटेच्या तोंडाशी हिवाळ्यात रस्ता बंद असल्याची पाटी होती. ती आम्ही वाचली होती. फाटक उघडं आहे म्हणजे पाटी जुनी असणार, असं आमच्यातला एक जण म्हणाला आणि बाकीच्या तिघांना ते सोयीचं वाटलं.

अंधार पडल्यावर एक जण चढ चढून वर गेला, तिथे फोन लागला. रात्री नऊच्या सुमाराला खालच्या वस्तीवरचा एक माणूस चाकांना साखळ्या बांधलेला ट्रॅक्टर घेऊन आला. बॅटरीचा झोत आमच्या तोंडांवरून फिरवत त्याने विचारलं, "किती जण आहात? कुणाला काही लागलंय?" माझा मित्र म्हणाला, "आम्ही ठीक आहोत. गाडी तेवढी ओढून द्या, मग आमचे आम्ही जाऊ." त्या माणसाने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाडीचं उद्या बघू. आधी माणसं बसा."

दुसऱ्या दिवशी गाडी काढायला चार तास लागले. दोन माणसं, लांब दोर, फळ्या, आणि दोर अडकवायला जवळपास झाड नव्हतं म्हणून बर्फात खोल पुरलेलं जादा चाक. त्याचे त्याने पैसे घेतले आणि ते थोडे नव्हते. आम्ही घासाघीस करून पाहिली, त्याने दाद दिली नाही. रात्रीच्या फेरीचं काय द्यायचं असं विचारल्यावर मात्र त्याने हात झटकला आणि दोर गुंडाळायला लागला.

दर हिवाळ्यात कुठे ना कुठे अशी बातमी येते. हौशी मंडळी बंद रस्त्यावर किंवा रस्ताच नसलेल्या उतारावर गाडी घालतात, अडकतात, रात्री वादळात बचाव पथकाला बाहेर पडावं लागतं. मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते, यांच्या मस्तीचा खर्च आम्ही का सोसायचा, पै न् पै वसूल करा. दुसरी म्हणते, जीव वाचवण्याचं बिल फाडणारा समाज कसला. मला दोन्ही बाजूंचं निम्मं निम्मं पटतं, आणि त्याचं कारण असं की दोघेही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरून भांडतात. गाडीतला माणूस ही एक गोष्ट आहे आणि माणसाभोवतीची गाडी ही दुसरी. माणसाला बाहेर काढण्याचे पैसे कुणाकडूनच घेऊ नयेत, मग तो कितीही मूर्ख असो. गाडी बाहेर काढण्याचे पैसे मात्र पुरेपूर घ्यावेत, मग तो कितीही बिचारा असो.

आधी माणसाचं. सुटकेचं बिल येणार हे माहीत असलं की माणूस फोन करायला उशीर करतो. आम्हीही केला. दुपारी तीनला रुतलो आणि पहिला फोन संध्याकाळी सातनंतर लागला. मधले चार तास आम्ही "आणखी एकदा बघू" म्हणत खणत होतो, कपडे घामाने भिजवत होतो आणि ते भिजलेले कपडे अंगावर गार होत होते. आमच्या मनात तर बिलाची भीतीही नव्हती, होती ती नुसती लाज. त्या लाजेत हजारोंच्या बिलाची धास्ती मिसळली असती तर आम्ही सकाळपर्यंत थांबलो असतो. बचावाच्या कामात उजेडातला एक तास आणि अंधारातला एक तास यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. उजेड असेपर्यंत दोन माणसं आणि एक वाहन पुरतं. अंधारात, वाढत्या वाऱ्यात, त्याच कामाला दहा माणसं लागतात आणि त्या दहांचाही जीव टांगणीला लागतो. बिलाच्या भीतीने उशिरा आलेला फोन आधी पथकालाच महागात पडतो. म्हणूनच अमेरिकेतल्या पर्वतीय बचाव पथकांची संघटना, म्हणजे ज्यांना हा भार प्रत्यक्ष उचलावा लागतो ती माणसंच, सुटकेचे पैसे आकारण्याच्या विरोधात आहे.

शिवाय बर्फात अडकलेली गाडी ही वाट पाहण्याची सुरक्षित जागा वाटते, पण तशी ती नेहमी नसते. माणूस ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवतो. बाहेर बर्फ साचत जातो आणि सायलेन्सरचं तोंड बुजतं. धूर मागे जायचा तो गाडीखाली साठतो आणि फटींतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि थंडीने दमलेल्या माणसाला झोप येणं साहजिकच वाटतं. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये बर्फवृष्टीत गाड्या अडकल्या आणि एका रात्रीत किमान २२ माणसं आपापल्या गाड्यांत मरण पावली. काही थंडीने, काही या वायूने. ती साहसवीर नव्हती, बर्फ बघायला आलेली साधी कुटुंबं होती. इंजिन चालवायचंच तर तासातून दहा मिनिटं, त्याआधी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करायचा आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची, ही तीन वाक्यं त्या रात्री कुणी त्यांच्यापर्यंत पोचवली असती तर काही जण वाचले असते. अशा माणसाने फोन हातात घेऊन हिशेब करत बसावं, हे मला कुठल्याच तत्त्वात बसवता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बंद रस्त्यावर गाडी घालायचा निर्णय स्टिअरिंगवर बसलेला घेतो. मागच्या सीटवर त्याचं पोर असतं, आई असते, "नको रे पुढे" म्हणणारा एखादा मित्र असतो. माणशी बिल लावलं तर पाटी न वाचलेल्यालाही ते लागतं. एकट्या ड्रायव्हरला लावलं तर मग ते माणसांच्या सुटकेचं बिल राहतच नाही, गाडी तिथे नेल्याचं होतं. म्हणजे फिरून आपण गाडीपाशीच येतो.

पैसे घ्या म्हणणाऱ्यांचा राग खोटा नाही, हे मान्य करायला हवं. बहुतेक ठिकाणी बचाव पथकांतली माणसं स्वयंसेवक असतात. दिवसा नोकरी, रात्री फोन. बूट, दोर, गाडीचं इंधन कित्येकदा स्वतःच्या खिशातून. आणि त्यांना बोलावणारा असतो तो ज्याने छपरावर दिव्यांची माळ, पुढे दोर गुंडाळून गाडी ओढणारं विंच आणि मागे दोन जादा चाकं लावायला हात आखडता घेतलेला नसतो. बोलावणंही आता सोपं झालंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि कॅनडात नेटवर्क नसतानाही आयफोनवरून उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी, २००९ मध्ये, ग्रँड कॅन्यनमध्ये उतरलेल्या दोन बाप-लेकांच्या जोड्यांनी उपग्रहाला संदेश पाठवणाऱ्या यंत्राचं बटण तीन वेळा दाबलं होतं. त्यातल्या एका वेळी तक्रार अशी होती की पाणी खारट लागतंय. तिसऱ्या वेळी रेंजर लोकांनी त्यांना हेलिकॉप्टरमध्ये बसवलंच आणि टोळीच्या म्होरक्यावर कायद्याने कारवाई केली. अशा गोष्टी वाचल्या की माझाही हात बिलाच्या पुस्तकाकडे जातो.

पण बिलाचं पुस्तक उघडून बसलेल्यांचा अनुभव काय आहे? अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजीपणा दाखवून अडकलेल्याकडून खर्च वसूल करायची कायद्याने मुभा आहे. २००९ मध्ये तिथे डोंगरात पाय मुरगळून, वाट चुकून तीन रात्री काढलेल्या १७ वर्षांच्या स्काउट मुलाला २५ हजार डॉलरहून जास्तीचं बिल पाठवलं गेलं. स्वतःला जिवंत ठेवल्याबद्दल त्याचं आधी कौतुक झालं होतं. निष्काळजीपणा म्हणजे नेमकं काय, याचा निवाडा करायचा तर मुरगळलेल्या पायाने जवळची वाट धरणं हा गुन्हा की शहाणपणा, इथपासून सुरुवात करावी लागते. नंतर घरात ऊबदार बसून नकाशा पाहणाऱ्याला सगळंच स्पष्ट दिसतं. ओरेगन या दुसऱ्या अमेरिकी राज्यात अशा वसुलीला माणशी ५०० डॉलरची कमाल मर्यादा आहे, आणि माणसाने पुरेशी काळजी घेतली होती का हे ठरवताना त्याच्याकडे कोणती साधनं होती हेही पाहिलं जातं. ते जरा बरं.

त्याच ओरेगनमध्ये २००६ च्या नोव्हेंबरात एक कुटुंब डोंगरातलं वळण चुकलं. हिवाळ्यात बंद असायला हवं ते जंगलरस्त्याचं फाटक उघडं राहिलेलं होतं. बर्फात गाडी अडकली. धूर दिसावा म्हणून त्यांनी गाडीचे टायर जाळले. आई आणि दोन लहान मुली सुमारे नऊ दिवसांनी जिवंत सापडल्या. मदत शोधायला पायी निघालेले वडील थंडीने गेले. साधी मोटारगाडी होती, हौसेने बर्फ तुडवायला निघालेली जीप नव्हे. पण वरून पाहणाऱ्या हेलिकॉप्टरला दोन्ही सारख्याच दिसतात. कोण वाट चुकला आणि कोण मुद्दाम घुसला, हा निवाडा बचाव करण्याच्या आधी करता येत नाही आणि नंतर करायचा तर तो माणसाच्या मनात शिरून करावा लागतो.

ॲरिझोना राज्याचा १९९५ चा कायदा याबाबतीत मला जास्त प्रामाणिक वाटतो. लोक त्याला "मूर्ख मोटारचालक कायदा" म्हणतात. पुराचं पाणी आलेल्या रस्त्यावर अडथळे उभे केले असताना त्यांना वळसा घालून जो गाडी पाण्यात घालतो आणि अडकतो, त्याच्याकडून सुटकेचा खर्च घ्यायचा, कमाल २,००० डॉलरपर्यंत. नावात मूर्ख आहे खरं, पण कायदा मूर्खपणा मोजत बसत नाही. तो एकच गोष्ट पाहतो : अडथळा होता का आणि तू तो ओलांडलास का. मनात शिरायची गरज नाही. बर्फालाही हीच कसोटी लावता येईल. बंद फाटक, पुरेशी ठळक पाटी, तारखेसकट. ती ओलांडली तर ठरावीक दंड, मग गाडी अडको वा न अडको. अडकलेल्यालाच शिक्षा केली तर आपण नशिबाला शिक्षा करतो. त्याच पाटीपलीकडून सुखरूप परत आलेले दहा जण फोटो टाकून मोकळे होतात आणि पुढच्या अकराव्याला तिकडे धाडतात. दंड फाटकापाशी हवा, बर्फाच्या ढिगापाशी नको. आमच्या बाबतीत फाटक उघडं होतं, हे मी आधी सांगितलंय. फाटक उघडं ठेवणाऱ्यानेही काही सोसायला नको का, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता, जरा मोठ्या आवाजात, कारण चूक आपली असली की आवाज चढतोच.

ॲरिझोनाच्या कायद्यात एक गोष्ट मात्र खटकते. ड्रायव्हर, प्रवासी आणि गाडी या तिघांच्याही सुटकेचा खर्च तिथे एकाच वाक्यात येतो. इथेच समुद्रावरची माणसं आपल्यापेक्षा शहाणी निघाली.

समुद्रात संकटात सापडलेलं जहाज वाचवण्याचा धंदा फार जुना आहे. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराचा या कामाचा करारनामा १९०८ पासून वापरात आहे आणि त्याचं सूत्र "काम नाही तर दाम नाही" असं आहे. जहाज वाचवलं तर भरघोस मोबदला, नाही वाचलं तर बहुधा हात हलवत परत. पण हा सगळा हिशेब जहाजाचा आणि मालाचा. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सागरी बचाव कराराचं सोळावं कलम सांगतं की ज्यांचे जीव वाचवले त्यांच्याकडून मोबदला मागता येणार नाही. दहावं कलम सांगतं की समुद्रात बुडण्याच्या धोक्यात असलेल्या कुणाही माणसाला मदत करणं हे प्रत्येक कप्तानाचं कर्तव्य आहे, फक्त स्वतःचं जहाज आणि त्यावरची माणसं गंभीर धोक्यात घालायची नाहीत. जीव हे कर्तव्य, जहाज हा व्यवहार. इतकी स्वच्छ रेघ जमिनीवर कुणी ओढलेली मी पाहिली नाही. हे वाचताना मला पहिल्यांदा तो ट्रॅक्टरवाला आठवला. त्याने त्या रात्री सोळावं कलम पाळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी बाकीचा करार.

सोळाव्या कलमाचा दुसरा भाग तर याहून गमतीचा आहे. एकाच दुर्घटनेत कुणी जहाज वाचवलं आणि कुणी माणसं वाचवली, तर माणसं वाचवणाऱ्याला जहाजाच्या मोबदल्यात वाजवी वाटा मागता येतो. हेतू साधा आहे : फायदा नाही म्हणून लोकांनी माणसं सोडून मालाकडे धावू नये. बर्फात हे जसंच्या तसं चालेल. गाडी बाहेर काढण्याचा जो आकार घेतला जाईल, त्यातला ठरावीक हिस्सा आदल्या रात्री माणसं खाली आणणाऱ्या पथकाच्या खात्यात जावा. माणसाला बिल नाही, पथकाला पैसे आहेत, आणि ते देतो तो ज्याची वस्तू वाचली. बूट आणि दोर त्यातून यावेत.

किनाऱ्याजवळ अमेरिकी तटरक्षक दलही याच रेघेने वागतं. बोटीचं इंजिन बंद पडलंय पण कुणाच्या जिवाला धोका नाही, अशी हाक आली तर ते ती रेडिओवरून जाहीर करतात आणि ओढून नेण्याचं काम खासगी बोटवाल्यांवर सोडतात. जिवाचा प्रश्न असेल तर स्वतः धावतात. बर्फातल्या गाडीला लागू करायचं तर पथकाने फोनवर पहिल्यांदा विचारायचं ते आमच्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं तेच. किती जण, कसे आहात. सगळे धडधाकट आहेत, ऊब आहे, खाणं आहे, सकाळपर्यंत हवा चांगली आहे, तर मग तो ओढणाऱ्या व्यावसायिकाचा मामला. रस्त्यावर मदत देणाऱ्या योजना बऱ्याचदा रस्ता सोडून आत गेलेल्या गाडीला हात लावत नाहीत, अटींच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं आणि अडकल्यावर पहिल्यांदा वाचलं जातं. तेव्हा हौशी माणसाने हा खर्च स्वतःच्या खिशातून किंवा वेगळ्या विम्यातून करायची तयारी ठेवूनच घराबाहेर पडावं.

विम्याचं म्हणाल तर एकाच डोंगररांगेत दोन तऱ्हा नांदताना दिसतात. तात्रा पर्वताच्या कण्यावरून पोलंड आणि स्लोव्हाकिया यांची सीमा जाते. पोलंडच्या बाजूला १९०९ पासूनचं बचाव पथक आजही फुकट येतं. स्लोव्हाकियाच्या बाजूला २००६ पासून सुटकेचे पैसे लागतात, आणि म्हणून तिकडे जाणारे बहुतेक जण स्वस्तातला विमा काढून जातात. डोंगर तोच, बर्फ तोच. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या रेगा या हवाई बचाव संस्थेला ३० लाखांहून जास्त लोक दरवर्षी वर्गणी देतात, आणि वर्गणीदारावर आलेला खर्च इतर कुणी भरला नाही तर संस्था तो माफ करू शकते. यातली कुठलीही व्यवस्था कोसळलेली नाही. पण या सगळ्या पायी चालणाऱ्यांच्या आणि स्की करणाऱ्यांच्या हिशेबाने घडल्यात. पायी चालणारा माणूस बाहेर काढला की विषय संपतो. त्याच्यामागे दोन टन लोखंड उरत नाही.

ते लोखंड पुढे काय करतं हे पाहण्यासारखं आहे. माणसं खाली आली, गाडी वर राहिली. दोन दिवसांनी तिथून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाला ती दिसते, आत कुणी नाही, आणि तो काळजीने पुन्हा पथकाला कळवतो. पुन्हा शोध, पुन्हा रात्र, एका रिकाम्या गाडीसाठी. म्हणून गाडी सोडताना काचेच्या आतल्या बाजूला कागद लावावा : तारीख, किती जण होते, सगळे सुखरूप, कुणाला कळवलंय. आमच्याकडून ट्रॅक्टरवाल्याने हे करून घेतलं, बॅटरीच्या उजेडात, बिस्किटाच्या पुड्याच्या मागच्या बाजूवर. मग पुढचं संकट : बर्फ काढणारं यंत्र त्या वाटेवर आलं आणि गाडी ताज्या बर्फाखाली गाडली गेली असली तर यंत्र तिच्यावर जाऊन आदळतं.

आइसलँडचं उदाहरण मला या विषयात सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तिथे अडकणारे आणि सोडवणारे एकाच जातीचे आहेत. रस्ता सोडून गाडी चालवणं तिथे बेकायदा आहे, शेवाळ आणि पातळ माती एकदा चिरडली की वर्षानुवर्षं भरून येत नाही. अपवाद फक्त गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या जमिनीचा. त्यामुळे तिथले हौशी लोक अवाढव्य टायरांच्या जीप बनवतात, बर्फावर गेल्यावर चाकांतली हवा इतकी कमी करतात की टायर जमिनीवर पसरून जणू पावलं होतात, आणि गाडी बर्फात बुडण्याऐवजी वर तरंगत जाते. याच जीप आणि हेच हात देशाच्या स्वयंसेवी बचाव पथकांत आहेत. सुटका फुकट. पथकांचा खर्च बराचसा वर्षअखेरीच्या फटाक्यांच्या विक्रीतून निघतो. ज्याला बर्फावर गाडी चालवायची हौस आहे त्याने बर्फातून इतरांना काढायचं काम शिकावं, ही त्यातली गोष्ट मला उचलून घ्यावीशी वाटते. हौशी मंडळींचे गट आपसात हे करतातच, एकमेकांच्या गाड्या फुकट ओढतात आणि फार तर इंधनाचे पैसे घेतात. तेवढी शिकलेली माणसं पथकाच्या यादीवर असतील तर निम्मी भांडणं मिटतील. मात्र आधी शिकलेली हवीत. गाडी ओढण्याचा हुक नसलेल्या ठिकाणी दोर बांधून झटका देणाऱ्याच्या हातून लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो आणि काचेतून आरपार जातो. अशाने माणसं मेली आहेत.

निधीसाठी आणखी एक साधा मार्ग न्यू हॅम्पशायर आणि कोलोराडो या राज्यांनी काढलाय. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरसारख्या गाड्या आणि रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांच्या नोंदणीवर छोटा अधिभार, आणि तो थेट शोध-बचाव निधीत. हौसेची वस्तू घेतानाच हौसेच्या धोक्याचा वाटा भरून टाकायचा. बर्फात अडकलेल्याच्या हातात बिल देण्यापेक्षा दुकानात गाडी घेताना ते दिलेलं बरं. गाड्यांच्या जाहिरातींनाही हा अधिभार लावावा असं मला अधूनमधून वाटतं. एकटी गाडी, आजूबाजूला चिटपाखरू नाही, कोऱ्या बर्फातून कारंजी उडवत चाललेली, आणि खाली मुंगीच्या अक्षरांत "प्रशिक्षित चालक, बंद मार्ग". बंद मार्ग म्हणजे काय ते आम्हाला नंतर कळलं.

माझ्या रेघेला अडचणी आहेत. पहिली, गाडी सोडायला तयार नसलेला माणूस. तो असतोच, आमच्यातही होता. पथक येतं, चला म्हणतं, आणि तो म्हणतो, मी गाडीपाशीच थांबतो, सकाळी काढेन. धडधाकट प्रौढ माणसाला बळजबरीने ओढून नेता येत नाही. पण पहाटे तीनला तोच पुन्हा फोन करतो. तेव्हाही त्याला फुकट आणायचं, माझं म्हणणं बदलत नाही. दुसऱ्या फेरीचा खर्च मात्र गाडीच्या खात्यावर टाकावा, कारण तो गाडीसाठीच थांबला होता. दुसरी अडचण अशी की कधी कधी गाडी ओढून काढणं हीच माणसाची सुटका असते. माणसं जास्त, पथकाच्या वाहनात जागा नाही, आणि दहा मिनिटांच्या ओढीत गाडी स्वतः चालू लागेल. तेव्हा ओढा आणि सोडून द्या. दहा मिनिटांचं बिल करणाऱ्याला कागदावरच जास्त वेळ लागेल.

तिसरी अडचण खरी अवघड. ओढण्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला तर? समुद्राच्या करारात मोबदला वाचलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. जमिनीवर मालक सरळ म्हणेल, ठेवा तुम्हालाच ती गाडी. पण डोंगरावर सोडलेली गाडी बुडत नाही. बर्फ वितळतो, तेल आणि कूलंट ओघळत खालच्या ओढ्यात जातं, बॅटरी फुगते, काचा फुटतात, आणि एप्रिल-मे उजाडला की रस्ता उघडणाऱ्यांच्या मार्गात ती आडवी पडलेली असते. म्हणून इथे समुद्राचा नियम मोडावा लागेल. बर्फ वितळेपर्यंतची मुदत द्यावी, तोवर मालकाने स्वस्तात स्वस्त माणूस शोधावा, वाट कोरडी होईपर्यंत थांबावं, तुकडे करून न्यायची असली तरी न्यावी. मुदत संपली की रस्त्याच्या प्रशासनाने ती उचलावी आणि जो काही खर्च येईल तो नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून घ्यावा, गाडीची किंमत कितीही असो.

आमची गाडी चार तासांत निघाली, म्हणून हा प्रश्न आमच्यावर आला नाही. डाव्या बाजूचा आरसा तेवढा वर राहिला. उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला की बर्फ गेलाय, आरसा सापडलाय, येऊन घेऊन जा. आणायला गेलो तेव्हा वाटेच्या तोंडाशी पाटी तीच होती, आणि फाटकाला कुलूप होतं.